वर्गातील कॅमेरा आणि दृश्य माध्यमे: शिक्षक आणि पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी लिहिली आहेत. पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनाही त्यांतील संमती, सुरक्षितता आणि सीसीटीव्ही यांविषयीचा भाग उपयोगी पडेल.

वर्गात कॅमेऱ्याचे काम नेमके काय?

जे डोळ्यांदेखत घडूनही दिसत नाही, ते दिसेल असे करणे आणि एकदा पाहिलेले पुन्हा पाहता येईल असे ठेवणे. रोपाची वाढ इतकी संथ असते की ती पाहता येत नाही, पडणारा चेंडू इतका वेगाने खाली येतो की त्याची गती वाढत जाते हे लक्षात येत नाही, आणि फुलातील परागकोश इतके लहान असतात की चाळीस मुलांना एकाच वेळी दाखवता येत नाहीत. या प्रत्येक ठिकाणी साधा मोबाइल कॅमेरा शिक्षकाच्या मदतीला येतो.

शाळांतील कॅमेरा मात्र बहुतेक वेळ वेगळ्याच कामात असतो. परिपाठ, पोषण आहार, वृक्षारोपण, पाहुण्यांचे स्वागत असे प्रत्येक उपक्रमाचे पुरावे तो गोळा करत राहतो. पुढील सर्व उत्तरांमागे आमची भूमिका अशी आहे, की कॅमेऱ्याचे तोंड मुलांच्या चेहऱ्यांकडून अभ्यासविषयाकडे वळवावे आणि शक्य होईल तेव्हा तो मुलांच्या हाती द्यावा.

आमच्या वर्गात एकच फोन आहे आणि तोही शिक्षकाचा. तेवढ्यावर भागेल का?

भागेल, आणि अनेकदा त्यामुळे काम अधिक चांगले होते. प्रत्येक गटाला फक्त तीन छायाचित्रे काढता येतील असे सांगितले, तर कशाचे छायाचित्र काढायचे, कोठून काढायचे आणि का, याची चर्चा आधी होते, आणि या उपक्रमातील खरे शिकणे त्या चर्चेतच असते. मर्यादा नसेल तर मुले पाच मिनिटांत दोनशे छायाचित्रे काढतात आणि त्यांतील एकाकडेही नीट पाहत नाहीत.

शिक्षकाने स्वतःचा फोन देताना फ्लाइट मोड सुरू करावा आणि अँड्रॉइडमधील ॲप पिन करण्याची सोय वापरावी, म्हणजे मुलांना कॅमेऱ्याखेरीज दुसरे काही उघडता येत नाही. घरी पडून असलेला, सिम काढलेला जुना फोन शाळेसाठी राखून ठेवता आला तर ते सर्वांत उत्तम.

सुरुवात कोणत्या विषयापासून करावी?

विज्ञानापासून, कारण तेथे कॅमेऱ्याने काय साधले हे मुलांना लगेच कळते. चवळी किंवा मटकी ओल्या कापसावर काचेच्या पेल्यात, काचेला लागून ठेवावी, फोन पुस्तकांच्या आधाराने पक्का उभा करावा आणि दर अर्ध्या तासाने एक छायाचित्र निघेल अशी योजना टाइम-लॅप्सच्या ॲपमध्ये करावी. दिवसाला ४८ याप्रमाणे चार दिवसांत १९२ छायाचित्रे होतात. ती सेकंदाला १२ या वेगाने चालवली, तर १६ सेकंदांची चित्रफीत तयार होते. रात्रीही छायाचित्रे निघणार असल्याने एक लहान दिवा सतत चालू ठेवावा लागतो, नाहीतर चित्रफितीत उजेड-अंधाराची उघडझाप होत राहते. किती छायाचित्रे लागतील आणि फीत किती सेकंदांची होईल, हे गणित मुलांनाच करू द्यावे.

मूळ आधी बाहेर येते की कोंब, मूळ वळून खालीच का जाते, पेला आडवा केला तर काय होईल, हे प्रश्न चित्रफीत पाहिल्यावर मुले आपणहून विचारतात. या प्रयोगाला आपल्या चित्रपटाच्या इतिहासातही स्थान आहे. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण दिवसेंदिवस केले आणि 'अंकुराची वाढ' ही छोटी चित्रफीत तयार केली. आपल्याकडे हे नवे माध्यम काय करू शकते, हे भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी एका रोपाची निवड केली, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

माध्यमिक वर्गांत स्लो मोशनचा उपयोग होतो. सव्वा मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो. साध्या चित्रणात त्या वेळेत सेकंदाला ३० या हिशेबाने सुमारे १५ फ्रेम (सुटी चित्रे) मिळतात, तर सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या फोनवर सुमारे १२०. मागे भिंतीवर मोजपट्टी चिकटवली असेल, तर समान वेळात चेंडू अधिकाधिक अंतर कापतो हे मुले स्वतः मोजून वहीत लिहू शकतात. मुक्त पतनाची सूत्रे त्यानंतर फळ्यावर आली, तर ती पाठ करून घ्यावी लागत नाहीत.

भाषा आणि समाजशास्त्राच्या तासाला काय करता येईल?

बरेच काही करता येईल. गावातील बारव, वेशीजवळचा वीरगळ, जुन्या वाड्याचा दरवाजा, आठवडी बाजार, पाण्याची टाकी यांची छायाचित्रे मुलांनी काढून प्रत्येकाखाली चार-पाच ओळी लिहाव्यात. वीरगळाच्या शिळेवर सामान्यतः एकावर एक कप्पे असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात: खाली वीराचा लढा व मृत्यू, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपिंडीची पूजा आणि चंद्रसूर्य. संपूर्ण शिळेचे एक आणि प्रत्येक कप्प्याचे एक अशी छायाचित्रे घेतली, तर मुलांना दगडावरची गोष्ट क्रमाने सांगता येते. येथे प्रकाशाचाही धडा मिळतो. भर दुपारी समोरून काढलेल्या छायाचित्रात कोरीव काम सपाट दिसते, तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात तेच उठून दिसते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्थळी जाण्यापूर्वी छायाचित्रणाचे नियम विचारून घ्यावेत. शिळेवर पाणी, खडू किंवा रंग कधीही लावू नये, छायाचित्र स्पष्ट येण्यासाठीही नाही.

भाषेच्या तासासाठी आजी-आजोबांच्या मुलाखती हा उत्तम उपक्रम आहे. मळणी, पहिली एसटी, १९७२ चा दुष्काळ यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले पाच मिनिटे चित्रित करायचे आणि मग शब्दशः उतरवून काढायचे. हे लेखन करताना बोलीतील शब्द मुलांच्या कानावर नव्याने पडतात आणि ते प्रमाण भाषेत 'सुधारून' लिहू नयेत, एवढी काळजी शिक्षकाने घ्यावी.

चित्रफीत लावली की मुले शांत बसतात. याचा अर्थ ती शिकत आहेत का?

तसे समजू नये. शांतता आणि आकलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पडद्यासमोरची शांतता विशेष फसवी असते.

शाळेत दृश्य माध्यम आणण्याचा विचार आपल्या देशात बराच जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात इस्रोने नासाच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचवली आणि त्यात सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखली होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, परंतु पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली आणि तिने तयार केलेले कार्यक्रम दूरदर्शनवरून मराठी मुलांनी वर्षानुवर्षे पाहिले. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली, याचे दुःख आम्हाला आजही आहे, कारण मराठीत, मराठी मुलांसाठी, शिक्षणाचा विचार करून चित्रफिती बनवणारे दुसरे तसे ठिकाण उभे राहिले नाही.

त्या प्रसारणाची एक अडचण होती. कार्यक्रम ठरलेल्या वेळी यायचा आणि तो थांबवता येत नसे, त्यामुळे मुलांना शंका आली तरी चित्र पुढे निघून जाई. आज शिक्षकाच्या हाती चित्रफीत थांबवण्याची सोय आहे आणि आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांत वर्गातील दृश्य माध्यमात झालेला सर्वांत मोलाचा बदल हाच आहे. तो वापरला नाही, तर महागडा पडदा घेऊनही आपण १९७५ च्याच ठिकाणी उभे राहतो.

म्हणून सहा मिनिटांची फीत निदान तीन ठिकाणी थांबवावी. थांबवल्यावर "समजले का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो" असेच येते. "आता पुढे काय होईल असे तुम्हाला वाटते आणि कशावरून?" असे विचारावे. दुसरी युक्ती म्हणजे फीत प्रथम आवाज बंद करून दाखवावी आणि मुलांना स्वतःच्या शब्दांत निवेदन करू द्यावे. ज्वालामुखी, हृदयाचे कार्य किंवा धरणाचे दरवाजे यांवर मुलांनी केलेले मराठी निवेदन ऐकले, की कोणाला काय उमगले आणि कोठे गोंधळ आहे हे चाचणी न घेता कळते. इंग्रजी किंवा हिंदी निवेदन असलेल्या फिती मराठी वर्गात वापरण्याचा मार्गही हाच आहे.

एका तासात किती वेळ चित्रफीत दाखवावी?

३५ मिनिटांच्या तासात आठ-दहा मिनिटांहून अधिक नको. उरलेला वेळ बोलणे, लिहिणे आणि हाताने करून पाहणे यांना लागतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तीन-चार मिनिटे पुरतात.

प्रोजेक्टर घ्यावा की मोठा टीव्ही?

खिडक्यांना पडदे नसतील आणि वर्गात भरपूर उजेड येत असेल, तर टीव्ही घ्यावा. प्रोजेक्टरसाठी खोलीत अंधार करावा लागतो, आणि अंधारात मुलांना वहीत लिहिता येत नाही, शिक्षकाला मुलांचे चेहरे दिसत नाहीत. मात्र शेवटच्या बाकावरून टीव्हीवरील अक्षरे वाचता येतात का, हे खरेदीपूर्वी स्वतः मागे बसून पाहावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत फिती आधीच उतरवून ठेवाव्यात आणि बॅटरीवर चालणाऱ्या टॅबवर लहान गटांना दाखवाव्यात. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील बराचसा मजकूर आधी डाउनलोड करून नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतो. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड याच मजकुराकडे नेतात. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला होता आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. एका खेड्यातील शिक्षकाने स्वतःच्या वर्गाची गरज ओळखून हे केले, हे साधनांची यादी करण्यापूर्वी प्रत्येक शाळेने लक्षात घ्यावे.

मुलांनी केलेल्या चित्रणात आवाज नीट येत नाही. काय करावे?

फोन बोलणाऱ्याच्या जवळ, हातभर अंतरावर न्यावा, पंखा बंद करावा आणि पत्र्याच्या छपराच्या खोलीऐवजी झाडाखाली, वारा नसताना चित्रण करावे. दुसरा फोन असेल तर तो केवळ आवाज मुद्रित करण्यासाठी बोलणाऱ्याच्या खिशात ठेवावा. चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात, पण आवाज अस्पष्ट असेल तर कोणी पाहत नाही.

मुलांची छायाचित्रे काढण्यासाठी पालकांची परवानगी घ्यावी लागते का?

घ्यावीच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत, परंतु शाळांनी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. व्यक्तीची खासगीता हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आहे आणि मुले त्याला अपवाद नाहीत.

प्रवेशाच्या वेळी "शाळेच्या सर्व उपक्रमांस माझी संमती आहे" अशा एका ओळीवर सही घेणे पुरेसे नाही. संमतिपत्रात निदान तीन प्रश्न वेगवेगळे असावेत: वर्गातील अभ्यासासाठी चित्रण चालेल का, शाळेच्या भित्तिपत्रकावर किंवा वार्षिकांकात छायाचित्र चालेल का, आणि इंटरनेटवर चालेल का. अनेक पालक पहिल्या दोहोंना होकार देतात आणि तिसऱ्याला नकार. त्या नकाराचे कारण विचारू नये. कौटुंबिक वाद, घरातील हिंसा, दत्तकविधान अशी कारणे असू शकतात, आणि ती शाळेपुढे उघड करण्याची सक्ती पालकावर होता कामा नये. संमती मागे घेण्याची सोयही त्याच कागदावर लिहिलेली असावी.

पालकांनंतर मुलालाही विचारावे. "नको" म्हणणाऱ्या मुलाला रांगेतून बाजूला उभे न करता, त्याच्याकडे कॅमेरा सोपवावा.

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख कोणत्याही रीतीने उघड करण्यास पॉक्सो कायदा, २०१२ मनाई करतो, आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या), काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, पीडित आणि साक्षीदार बालकांना तेच संरक्षण देते. अशा मुलाचे शाळेच्या गणवेशातील छायाचित्रही ओळख उघड करण्यास पुरेसे ठरू शकते.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्रे टाकावीत का?

मुलांनी केलेल्या कामाची जरूर टाकावीत. चेहऱ्यांची टाळावीत. गटावर गेलेले छायाचित्र पुढे कोठे जाईल यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. मुलाचे नाव, शाळेचे नाव आणि चेहरा या तिन्ही गोष्टी एका छायाचित्रात एकत्र येऊ देऊ नयेत. गणवेशावरील ओळखपत्र ही माहिती नकळत देते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थानाची नोंद बंद ठेवावी, कारण छायाचित्राची मूळ फाइल ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ते कोठे काढले आहे याची माहिती तिच्यासोबत जाऊ शकते.

शिक्षा झालेले, रडणारे किंवा कमी गुण मिळालेले मूल गटावर दाखवणे हा मानसिक छळच आहे. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते.

वरिष्ठ कार्यालये प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रे मागतात. त्याचे काय करावे?

ही शिक्षकांची सर्वांत जुनी आणि रास्त तक्रार आहे. २०१६ च्या अखेरीस तर विद्यार्थ्यांसोबत दर आठवड्याला सेल्फी काढून ती 'सरल' या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या ऑनलाइन सरकारी प्रणालीवर भरण्याचा आदेश निघाला होता. शिक्षकांच्या विरोधानंतर त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. मुद्दा केवळ वेळेचा नाही. छायाचित्रासाठी उपक्रम थांबवून मुलांना रांगेत उभे केले, की तो उपक्रम कॅमेऱ्यासाठी होता हे मुलांना कळते.

शाळेच्या पातळीवर एवढे करता येते: मागून किंवा वरून घेतलेले, हात आणि काम दिसेल असे एक छायाचित्र उपक्रम चालू असतानाच काढावे आणि तेवढेच पाठवावे. केंद्रप्रमुखांच्या बैठकीत शिक्षकांनी एकत्रितपणे हा आग्रह धरला, तर चेहरे दाखवणारे छायाचित्र हवेच असे म्हणणे कोणालाही कठीण जाते.

वर्गातील सीसीटीव्हीविषयी आपले मत काय?

बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यातील शाळांना सीसीटीव्ही बसवणे बंधनकारक केले. जुलै २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांसाठी प्रवेशद्वारे, जिने आणि मार्गिकांपासून वर्गखोल्यांपर्यंत सर्वत्र ध्वनिचित्रमुद्रण करणारे कॅमेरे आणि किमान १५ दिवसांचे मुद्रण राखण्याची अट घातली. स्वच्छतागृहे अर्थातच त्यातून वगळली आहेत. मुलांच्या सुरक्षेची ती गरज आहे आणि आम्ही तिला विरोध करत नाही.

तथापि सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा शिकवण्याच्या तपासणीसाठी वापरला जाऊ नये. मुख्याध्यापकांनी कार्यालयात बसून एखाद्या शिक्षकाचा तास पडद्यावर पाहणे किंवा पालकांनी घरून थेट वर्ग पाहणे, यामुळे चूक करण्याची मुलांची हिंमत कमी होते. उत्तर चुकेल या भीतीने आधीच गप्प बसणारे मूल, आपले वडील पाहत असतील या विचाराने आणखी गप्प होते. २०१९ मध्ये दिल्लीतील सरकारी शाळांच्या वर्गांचे चित्रण पालकांना मोबाइलवर दाखवण्याची योजना सुरू झाली, तेव्हा खासगीतेच्या मुद्द्यावर ती न्यायालयापर्यंत गेली होती. फुटेज कोण पाहू शकतो, कोणत्या कारणासाठी, ते किती दिवसांनी पुसले जाते आणि पाहिल्याची नोंद कोणत्या वहीत होते, याचा लेखी नियम शाळा व्यवस्थापन समितीने करून तो सूचनाफलकावर लावावा. कॅमेऱ्यामुळे शाळेतील मोठ्या माणसांचे प्रत्यक्ष लक्ष मात्र कमी होता कामा नये. मधल्या सुट्टीत जिन्याजवळ उभे राहणाऱ्या शिक्षकाची जागा तो घेऊ शकत नाही.

वर्गात चित्रपट दाखवणे कायदेशीर आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक हे संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी थेट संबंधित व्यक्ती एवढेच असतील, तर चित्रपट दाखवण्यास मुभा देते. तिकीट लावून गावासाठी खेळ करणे यात बसत नाही. स्नेहसंमेलनातील नृत्याची फीत चित्रपटगीतासह सार्वजनिक वाहिनीवर चढवणे ही गोष्टही वेगळी आहे. तेथे मुलांच्या संमतीचा प्रश्न तर येतोच, शिवाय गाण्याच्या हक्कांचाही येतो.

घरी आम्ही फोन काढून घेतो आणि शाळा तोच हातात देते, अशी पालकांची तक्रार असते. तिला काय उत्तर द्यावे?

तक्रार रास्त आहे, तिला वादाने उत्तर देऊ नये. पालकसभेत मुलांनी काढलेली छायाचित्रे आणि वहीतील नोंदी समोर ठेवाव्यात आणि कोणत्या दिवशी, किती मिनिटे, किती मुलांच्या हाती फोन होता हे सांगावे. घरून फोन आणायला कधीही सांगू नये. त्यामुळे ज्यांच्या घरी चांगला फोन नाही त्या मुलांना कमीपणा येतो.

खोट्या आणि फेरफार केलेल्या चित्रांविषयी मुलांना कसे शिकवावे?

आधी त्यांनाच फसवे चित्र बनवू द्यावे. शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात कचरा पडलेला असेल, तर एका गटाने 'आमची अस्वच्छ शाळा' आणि दुसऱ्याने 'आमची सुंदर शाळा' या मथळ्यासाठी, काहीही न हलवता, केवळ चौकट बदलून छायाचित्रे काढावीत. दोन्ही छायाचित्रे खरी असतात आणि दोन्ही काहीतरी लपवतात. हा अनुभव घेतलेली मुले वर्तमानपत्रातील आणि फोनवरील चित्राकडे पाहून "चौकटीबाहेर काय असेल?" असे विचारू लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे ओळखण्याच्या खुणा (विचित्र बोटे, वाचता न येणाऱ्या पाट्या) झपाट्याने जुन्या होत आहेत, म्हणून त्यांवर फार विसंबू नये. हे चित्र प्रथम कोणी, कधी आणि कशासाठी प्रसिद्ध केले, हे शोधण्याची सवय अधिक टिकाऊ आहे.

दृष्टी किंवा श्रवण बाधित असलेल्या मुलांचा सहभाग कसा घ्यावा?

श्रवणबाधित मुलांसाठी फितीला मराठी उपशीर्षके हवीत आणि ती वर्गातील इतर मुलांनी तयार करावीत. दृष्टिबाधित मुलासाठी शेजारच्या मुलाने चित्राचे वर्णन करावे. "एक मोठे झाड" एवढे पुरत नाही. झाड कशाच्या डाव्या बाजूला, त्याची सावली कोठे, खाली कोण बसले आहे, हे सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याचे निरीक्षण त्यातून सुधारते. आवाज मुद्रित करण्याची जबाबदारी दृष्टिबाधित मूल उत्तम रीतीने पार पाडते.

मुलांच्या छायाचित्रांना गुण कसे द्यावेत?

छायाचित्राच्या देखणेपणाला गुण देऊ नयेत, तो बहुधा फोनच्या किमतीवर अवलंबून असतो. निवड का केली हे मूल सांगू शकते का आणि निरीक्षणाची नोंद अचूक आहे का, एवढेच पाहावे.

आमच्याकडे कॅमेराच नाही. मग?

पुठ्ठ्याचा खोका, काळा कागद, ट्रेसिंग पेपर आणि सुई घेऊन सूचिछिद्र प्रतिमाग्राहक (पिनहोल कॅमेरा) बनवावा. खोका आतून काळा करावा, एका बाजूला सुईने छिद्र पाडावे आणि समोरची बाजू कापून तेथे ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा. डोके आणि खोका जाड चादरीखाली घेऊन उन्हातील झाडाकडे छिद्र रोखले, की कागदावर झाडाची उलटी प्रतिमा रंगांसह उमटते. छिद्र मोठे केले तर प्रतिमा उजळ पण धूसर होते, हे मुलांना स्वतः पाहू द्यावे. सूर्याकडे थेट छिद्र रोखून आत डोकावू नये, ही सूचना आधीच द्यावी. प्रतिमा उलटी का, या प्रश्नाचे उत्तर लगेच न देता, झाडाच्या शेंड्यापासून आणि बुंध्यापासून छिद्रातून जाणाऱ्या दोन सरळ रेषा मुलांना वहीत काढायला सांगाव्यात.